दुसऱ्या चौकटीचा पिवळा

आजोबांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि कागदाकडे बघून म्हणाले, "पांढरा." मग डावा डोळा झाकला आणि म्हणाले, "पिवळा."

कागद एकच होता. बोटाच्या पेराएवढा, गोल. पडवीतल्या टेबलावर तो ठेवलेला होता आणि त्याच्यावर दुपारचं चांगलं ऊन पडलं होतं.

"पुन्हा बघा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा बघितलं. डाव्या डोळ्याला पांढरा, उजव्याला पिवळा. मी कागद उलटा केला, सावलीत नेला, परत उन्हात आणला. उत्तर काही बदललं नाही.

"ऋजू, एका कागदाला एका वेळी दोन रंग असतात का गो?"

"कागदाला नसतात. तुमचा एक डोळा थापा मारतोय."

मी थट्टा केली होती. एरवी आजोबांनी लगेच टोला परतवला असता, कारण आगाऊपणा मी त्यांच्याकडूनच घेतलाय असं आई म्हणते. त्या दिवशी ते हसले नाहीत. "कुठला?" एवढंच त्यांनी विचारलं.

हे कोडं कुणाला गमतीचं वाटेल. आम्हाला ते गमतीचं नव्हतं, कारण त्याच्या उत्तरावर एकशेवीस घरांचं पिण्याचं पाणी टांगलेलं होतं. ते कसं, हे सांगायला आधी आमचं गाव सांगायला हवं.

आमच्या गावाचं नाव नवं वेळूस. जुनं वेळूस समुद्राच्या काठाला होतं. आईच्या लहानपणी समुद्र वर चढत गेला आणि एकेक आळी करत त्याने गाव गिळलं. मग उरलेली माणसं वर सड्यावर आली. सडा म्हणजे नुसता कातळ. पाऊस पडतो धो धो, आणि पडला तसा वाहून जातो. म्हणून कातळात खूप खोल बोअर मारली. पाणी लागलं, पण त्या पाण्यात सोमल निघालं. सोमल (म्हणजे आर्सेनिक, खडकातून पाण्यात उतरणारं विष) दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. ते पोटात गेलं की लगेच काही होतही नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं जात राहिलं की तळहात खडबडीत होतात, अंगावर डाग येतात, पायांना मुंग्या येतात, आणि मग आतून शरीर खचत जातं.

त्यावर इलाज होता. टाकीत लोखंड मिसळलेली वाळू भरायची. पाणी तिच्यातून झिरपताना सोमल वाळूला चिकटून राहतं. पण वाळूची चिकटवून घेण्याची ताकद कधीतरी संपते, मग ती बदलावी लागते. कधी संपली हे कळण्यासाठी दर सोमवारी पाणी तपासायचं.

सुरुवातीला तपासायला यंत्र होतं. पाणी चांगलं असेल तर हिरवा दिवा, वाईट असेल तर लाल. तिसऱ्या वर्षी यंत्राच्या तोंडाशी क्षार साचले आणि ते आठ महिने नुसता हिरवा दिवा दाखवत राहिलं. दोन मुलं आजारी पडली तेव्हा उघडकीस आलं. गावाने ते यंत्र दगडांनी फोडलं. पहिला दगड बाबलकाकांनी मारला, असं ते स्वतःच सांगतात. बाबलकाका म्हणजे आमचे शेजारी, टाकीचे नळ दुरुस्त करणारे. त्यानंतर गावाने ठरवलं की यंत्र नको, माणसाच्या डोळ्याने बघायचं. आणि ते काम माझ्या आजोबांना दिलं, कारण ते रसायनशास्त्राचे मास्तर होते. शिवाय एक रीत पडली. ज्याने तपासलं त्याने सगळ्यांदेखत पहिला पेला प्यायचा. त्याच्या घरच्यांनी दुसरा. मग गावाने घागरी भरायच्या. बारा वर्षं पहिला पेला आजोबांचा आणि दुसरा आजीचा. आजी गेल्या कार्तिकात गेली.

तपासणी सोपी आहे. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात पुडीतली पूड टाकायची, आणि टोपणाला हा गोल कागद लावून वीस मिनिटं थांबायचं. पाण्यात सोमल असेल तर बाटलीत एक वायू तयार होतो आणि कागद पिवळा होतो. फार असेल तर तपकिरी. किती पिवळा म्हणजे धोका, हे कळायला एक पुठ्ठा असतो. त्याच्यावर रंगांच्या पाच चौकटी. पहिली पांढरी, म्हणजे पुठ्ठा कोराच ठेवलेला. दुसरी अगदी पुसट पिवळी. पुढे गडद होत होत पाचवी तपकिरी. कागद दुसऱ्या चौकटीला पोचला की पाणी बंद, वाळू बदला.

हा पुठ्ठा टाकीवर टांगलेला असे आणि वर्षभरात त्याचे रंग उन्हाने विटत. म्हणून आजोबा दर दसऱ्याला नवा पुठ्ठा रंगवत. दसऱ्याला सुतार करवत पुजतो, बाबलकाका नळ खोलायचे पाने पुजतात, तसा आजोबा पुठ्ठा पुजायचे, झेंडू आणि आपट्याची पानं वाहून. पुजलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून जुना पुठ्ठा कोकमाच्या झाडाखाली पुरायचे. झाडाखाली बारा पुठ्ठे माती होऊन गेले. त्यातला एक जरी कुणी पेटीत ठेवला असता तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

वर्षापूर्वी मी एकदा म्हटलं होतं, "आजोबा, हा कागद जरासा पिवळा दिसतोय."

"दुसऱ्या चौकटीएवढा आहे का?"

मी कागद पुठ्ठ्याशी धरला. दुसरी चौकट तर चांगली हळदीसारखी होती. "नाही, तेवढा नाही."

"मग? पुठ्ठा कशासाठी आहे? डोळ्यांनी जुळवायचं, मनाने नाही."

मला ते पटलं. मी गप्प बसले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आता डोळ्याचं सांगते. आजोबांना मोतीबिंदू झाला होता. आमच्या सड्यावर दोन वर्षांतून एकदा डोळ्यांची गाडी येते. गाडीत शस्त्रक्रिया करणारा रोबो असतो. त्याचे आठ हात सुईसारखे बारीक, म्हणून गाव त्याला शिंपीबुवा म्हणतं, आणि त्यालाही ते नाव चालतं. शिंपीबुवाने बुधवारी आजोबांच्या उजव्या डोळ्यातलं जुनं भिंग काढून नवं बसवलं. डावा डोळा दोन महिन्यांनी, गाडी परतीच्या वाटेवर पुन्हा येईल तेव्हा करायचा ठरला.

गुरुवारी पट्टी निघाली आणि आमच्या घरात दंगा सुरू झाला. आजोबांना भिंतीवरची मुंगी दिसली, पंख्यावरची धूळ दिसली. "केवढं घाणेरडं ठेवलंय घर!" ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "बारा वर्षं असंच आहे बाबा. तुम्ही आजच आलात." माझा धाकटा भाऊ मितू पाच वर्षांचा. त्याचे दात निळे दिसतात म्हणून आजोबांनी त्याला दोनदा घासायला लावले. भात निळसर, भिंत निळसर, सगळं गाव कुणीतरी नीळ घालून धुतल्यासारखं.

मग त्यांची नजर आजीच्या फोटोवर गेली आणि ते तिथेच उभे राहिले.

"ऋजू, हिची साडी कुठल्या रंगाची?"

"निळी. गडद निळी."

"काळी नव्हे?"

"नाही हो. निळीच. तिची आवडती."

ते म्हणाले, "सणावाराला काळं नेसू नको म्हणून मी तिच्याशी किती भांडलो. ती सांगायची निळी आहे. मग सांगायची थांबली."

मला तेव्हा नुसतं वाईट वाटलं. पुढचं कुणालाच दिसत नव्हतं.

रविवारी दुपारी आजोबांनी हौसेने घरातल्याच पाण्याची तपासणी केली. नव्या डोळ्याने कागद कसा दिसतो ते बघायचं होतं. आणि मग ते "पांढरा, पिवळा" सुरू झालं. मला तो कागद जरासा पिवळट दिसत होता, पण दुसऱ्या चौकटीएवढा नाही, म्हणून मी ते धरलंच नाही.

मी शिंपीबुवाला पडद्यावर बोलावलं. गाडी दोन गावं पुढे गेली होती.

"तुझ्या आजोबांचा जुना नेत्रमणी मी अख्खा काढून ठेवलाय," तो म्हणाला. "दाखवू?"

नेत्रमणी म्हणजे बाहुलीच्या मागे असलेलं डोळ्यातलं भिंग. शिंपीबुवाने एका बशीत ठेवलेला मणी दाखवला. तो कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. शेजारी त्याने नवं भिंग ठेवलं, ते पाण्यासारखं स्वच्छ.

"जन्मतः सगळ्यांचा मणी असा स्वच्छ असतो. त्यातून उजेड आत जातो आणि दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या, उजेड टिपणाऱ्या पडद्यावर) पडतो. वय वाढतं तसा मणी पिवळा होतो, मग तपकिरी. पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. पांढरा उजेड म्हणजे सगळ्या रंगांचं मिश्रण. त्यातला निळा काढला तर काय उरेल?"

"पिवळट. पण मग आजोबांना भिंत पिवळी दिसायला हवी होती. त्यांना तर पांढरीच दिसायची."

"कारण बघतो तो डोळा एकटा नाही. मागे मेंदू आहे. भिंत पांढरी आहे हे मेंदूला ठाऊक असतं. रोज सगळ्याच वस्तूंवर पिवळेपणा दिसू लागला की तो तेवढा पिवळेपणा वजा करून टाकतो. मणी इतका हळू पिवळा होतो की ही वजाबाकी चालू आहे हे माणसाला कळतच नाही."

"मग बरंच की. हिशेब बरोबर झाला."

"नाही झाला. पांढरा कागद आणि पुसट पिवळा कागद यांत फरक कुठे असतो सांगतो. पांढरा कागद सगळा निळा उजेड परत पाठवतो, पिवळा कागद त्यातला थोडा गिळतो. बाकीचे रंग दोघेही सारखेच परत पाठवतात. म्हणजे फरक फक्त निळ्या उजेडात. आणि तोच आत पोचत नसेल तर?"

"तर दोन्ही कागद सारखेच," मी म्हटलं. "दोन्ही पांढरे." आणि मला आजीची साडी आठवली. गडद निळी साडी निळाच तेवढा उजेड परत पाठवते. तो वाटेत अडला की उरलं काळं.

"मेंदू वजाबाकी करू शकतो," शिंपीबुवा म्हणाला. "जे आलंच नाही ते तो परत आणू शकत नाही."

"आणि आता सगळं निळं का दिसतंय?"

"नव्या भिंगातून निळा उजेड आत येतोय, पण मेंदू जुन्याच सवयीने पिवळेपणा वजा करतोय. सवय मोडायला काही आठवडे लागतात. म्हणून मी लिहून दिलंय, सहा आठवडे रंगाचं काम करायचं नाही. सांगितलेलं तू विसरशील. करून बघ."

मी करून बघितलं. पेपरमिंटच्या पाकिटाचा पिवळा पारदर्शक कागद दोन्ही डोळ्यांवर पट्टीसारखा बांधला आणि तासभर तशीच घरात वावरले. मितू माझ्यामागे घुबड घुबड म्हणत फिरला. आधी सगळं पिवळं दिसलं, मग हळूहळू पिवळं वाटेनासं झालं. तासाने पट्टी काढली आणि वही उघडली, तर पान निळसर! भिंतही निळसर. अगदी आजोबा म्हणत होते तशी.

तो गोल कागद अजून टेबलावर होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो निळसर नव्हता. माझे डोळे सगळ्या पांढऱ्यावर निळं चढवत होते, आणि तरी तो कागद पिवळाच राहिला होता.

मी तशीच आजोबांकडे गेले. ते खाटेवर बसले होते, टाकीवरून आणलेला पुठ्ठा मांडीवर घेऊन.

"डावा डोळा थापा मारतोय," मी म्हटलं. "जुना."

"कशावरून? नव्या डोळ्याचे रंग अजून बसलेले नाहीत. सहा आठवडे थांबायचं, शिंपीबुवाने लिहून दिलंय. तोवर पुठ्ठ्यावरून चालू दे."

"नव्या डोळ्याला भिंत कशी दिसते?"

"निळसर."

"वहीचं पान?"

"निळसर."

"कागद पांढरा असता तर तोही निळसरच दिसला असता. नव्या डोळ्याची चूक निळ्याकडे आहे, आजोबा. ती पिवळं लपवेल, नसलेलं पिवळं दाखवणार नाही. तरीही तुम्हाला पिवळा दिसतोय. त्याला सहा आठवडे कशाला हवेत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की ते वाद घालतील. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की हे त्यांना माझ्या आधी कळलेलं आहे. चाळीस वर्षं रसायन शिकवलेला माणूस! दुपारी कागद दाखवायला मला बोलावलं होतं ते मी काहीतरी वेगळं सांगेन या आशेने.

"दुसऱ्या चौकटीचा रंग मी कसा करायचो?" त्यांनी विचारलं. "तूच बसायचीस ना बरोबर."

"वाटीत पांढरा रंग घ्यायचा. त्यात पिवळ्याचा एकेक थेंब टाकायचा. कोऱ्या पुठ्ठ्याहून वेगळा दिसला की थांबायचं."

"आणि थेंब कोण मोजायचं?"

"मी."

"गेल्या दसऱ्याला किती?"

"अकरा."

"पहिल्यांदा बसलीस तेव्हा?"

तेव्हा मी सहा वर्षांची होते. पण मला आठवत होतं, कारण मला मोजता येतं याचं त्यांनी कौतुक केलं होतं. "चार," मी म्हटलं.

त्यांनी पुठ्ठा पालथा ठेवला. त्यांचा मणी पिवळा होत गेला तसा पिवळा रंग त्यांना उशिरा दिसायला लागला, म्हणून थेंब वाढत गेले. पुसट पिवळ्याची चौकट हळदीएवढी झाली. आणि मग माझ्यासारखे चांगले डोळेही त्या पुठ्ठ्याला जुळवून चुकीचंच वाचत राहिले. वाळू तीन वर्षं बदललीच नव्हती. वाळूची पोती टाकीशेजारच्या शेडमध्ये पडून होती. दोन दिवसांचं काम होतं, हो! फक्त दोन दिवसांचं.

"तुझ्या आजीच्या तळहातांना मी कोकमाचं तेल चोळायचो," आजोबा म्हणाले. "भेगा पडतात म्हणून. तेल चोळायचो आणि वर तेच पाणी पाजायचो."

मी शिंपीबुवाला पुन्हा पडद्यावर बोलावलं आणि आजीच्या तळहातांचं सांगितलं. मग सरळ विचारलं, आजी सोमलानेच गेली का.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "ती लक्षणं सोमलाची असू शकतात, दुसऱ्या आजाराचीही. तेव्हा कुणी तपासलं नाही. आता माझ्याकडे फक्त अंदाज आहे, आणि अंदाजाला मी उत्तर म्हणणार नाही."

त्याने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मी पडदा बंद केला.

"उद्या सगळ्यांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"त्यांनी यंत्राला दगड मारले होते, ऋजू."

"मग मारू देत!"

हे मी म्हणायला नको होतं. ते ऐंशी वर्षांचे होते. पण मी म्हटलं, आणि माफीही मागितली नाही.

तेवढ्यात मितू धावत आला. घामाघूम. त्याने माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि तोंडाला लावला. आजोबा खाटेवरून कसे उठले ते मला कळलंच नाही. त्यांनी पेल्यावर हात मारला. पेला भिंतीवर आपटला आणि मितू भोकाड पसरून रडू लागला. आजोबा त्याला पोटाशी धरून, "नको रे बाळा, ते नको," एवढंच म्हणत राहिले. माठ त्यांनी अंगणात नेऊन पालथा केला. नंतर ते आईशी बोलले, आणि आईने बाटलीबंद पाण्याचे दोन खोके शेजाऱ्यांत वाटले. सकाळपर्यंत बोअरचं पाणी कुणी पिऊ नका, कारण मास्तर सकाळी सांगतील, असा निरोप तिने घरोघर दिला.

सोमवारी टाकीपाशी रोजच्यापेक्षा जास्त गर्दी होती. बाबलकाकांनी पितळी पेला घासून आणला होता. "मास्तरानू, पयलो पेलो घेवा मा. माका कामार जावक होया," ते म्हणाले.

आजोबांनी पेला घेतला नाही. त्यांनी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि सगळ्यांना सांगितलं. मण्याचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं, वाळूचं सांगितलं. मास्तरांची सवय, नीट क्रमाने, एकही पायरी न गाळता. शेवटी म्हणाले, "यंत्र बिघडलं तेव्हा ते आठ महिने खोटं बोललं. मी तीन वर्षं बोललो. मला ठाऊक नव्हतं, पण पाणी तुमच्या पोटात गेलंच."

सुलूकाकू पुढे आल्या, बाबलकाकांच्या बायको. त्यांनी दोन्ही तळहात उघडून आजोबांसमोर धरले. त्यांच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे कडक फोड होते. मी ते हात रोज बघत होते. बघितले नव्हते.

"पायांका मुंग्ये येतत म्हणान मी दिवसभर पाणी पित रवलंय," त्या म्हणाल्या. "माका कोणी सांगलां, पाणी भरपूर पी, बरां वाटात."

ते सांगणारे आजोबाच होते. त्यांनी मान खाली घातली.

बाबलकाकांच्या हातात पेला होता. मला वाटलं की आता ते तो फेकून मारणार, आणि मी आजोबांच्या पुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी फेकला नाही. त्यांनी पेला टाकीच्या कठड्यावर पालथा ठेवला. "तुमी सांगलास, आमी प्यालों," ते म्हणाले. आवाज चढवलाही नाही. मग ते शेडकडे गेले आणि वाळूचं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. त्यांच्यामागून एकेक जण गेला.

वाळू दोन दिवसांत बदलून झाली. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ड्रोनने जुन्या पाण्याचा नमुना पाठवला, त्याचं उत्तर आठवड्याने आलं. सोमल मर्यादेच्या चौपट होतं. तपासणीला डॉक्टर आले, आणि एकोणीस जणांच्या अंगात ते मर्यादेबाहेर सापडलं. त्यात मितूही होता, थोड्या प्रमाणात. लवकर थांबलं म्हणून बहुतेकांचं बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांचं म्हणाले नाहीत. सुलूकाकूंचे फोड कमी झाले, पण पायांची संवेदना पुरती परत आलेली नाही. अजूनही त्या चालताना जमिनीकडे बघून पाऊल टाकतात.

आजोबांशी गाव बोलेनासं झालं. भांडण नाही, शिव्या नाहीत. समोरून येणारा माणूस वाट बदलायचा, बस. ते रोज टाकीवर जाऊन यायचे आणि कुणी विचारलं नाही तरी ग्रामसभेत एक कागद देऊन आले. त्यात लिहिलं होतं की पुठ्ठा घरी रंगवायचा नाही, कारखान्यातून बंद पाकिटात येईल तो अंधाऱ्या डब्यात ठेवायचा. नवं यंत्रही बसवायचं. आणि कागद एकाने बघायचा नाही. पाच जणांनी, पाच वेगवेगळ्या वयांच्या, एकमेकांचं न ऐकता बघायचा आणि आपापलं उत्तर पाटीवर लिहायचं. यंत्र आणि पाचही पाट्या जुळल्या तरच पाणी सोडायचं. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती. आपला डोळा बदलतोय हे त्याच डोळ्याला दिसत नाही. ग्रामसभेने कागद मंजूर केला आणि त्यांचं नाव मात्र घेतलं नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख आली तेव्हा सगळं निळसर दिसणं थांबलं होतं. मेंदूची वजाबाकीची सवय सुटली होती. गाडी यायच्या दिवशी सकाळी आजोबा आजीच्या फोटोसमोर उभे होते. एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो.

"या डोळ्याने ती शेवटची काळ्या साडीत दिसतेय," ते म्हणाले. "आता हा डोळाही जाईल. मग भांडायला कारण उरणार नाही." ते रडत होते. मी त्यांचा हात धरला, आणि त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण "असू दे" म्हणाले नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी नव्या नियमाने पहिली तपासणी झाली, कारण यंत्र आणि पुठ्ठा येईपर्यंत गाव टँकरचंच पाणी पीत होतं. पाचांमध्ये मितूचाही नंबर होता. त्याला अजून सगळी अक्षरं येत नाहीत, म्हणून त्याला पाटीवर नुसती चौकटच काढायला सांगितलं होतं. त्याने कागद नाकाशी धरला, जीभ बाहेर काढली आणि भली मोठी रिकामी चौकट काढली. पांढरी. मी पांढरा लिहिलं. उरलेल्या तिघांनीही पांढरा. यंत्राचा दिवा हिरवा. आजोबा गर्दीच्या मागे उभे होते, कारण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पहिला पेला आता कोण घेणार, हे नियमात लिहायचं राहून गेलं होतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. पितळी पेला त्या दिवसापासून कठड्यावर पालथाच होता. बाबलकाकांनी तो उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि नळाखाली धरून काठोकाठ भरला. मग ते गर्दीतून वाट काढत मागे गेले.

"अर्दो तुमी, अर्दो मी," ते आजोबांना म्हणाले.

आजोबांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. तो उजेडात धरून त्यांनी आधी एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. दोन्हींना पाणी सारखंच दिसलं असावं. त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि उरलेला बाबलकाकांच्या हातात दिला.